मधल्या फळीचा मानकरी

विरारला जीवदानीच्या डोंगराच्या पायथ्याशी संध्याकाळी मुले फुटबॉल खेळू लागली, की आरंभी एक ठरावीक तंटा माजतो. प्रत्येकास आघाडीवर खेळावयाचे असते. कारण गोल करणाऱ्याचा जयजयकार होतो. मध्यभागी उभे राहावयास सहसा कोणी राजी नसतो. जो वयाने लहान, ज्याचा हट्ट चालत नाही, त्याच्या वाट्यास ती जागा येते. मुलांनो, ही जागा खरोखरच इतकी कमी प्रतीची आहे काय?

फुटबॉलच्या संघात अकरा खेळाडू असतात. गोलरक्षक व बचावाची फळी आपला गोल राखतात. आघाडीची फळी प्रतिपक्षाच्या गोलावर चाल करते. या दोहोंना जोडणारी ती मधली फळी. प्रतिपक्ष चालून आला, की तिला मागे धावावे लागते. चेंडू हाती लागला, की आपला कोणता गडी मोकळा आहे हे क्षणात हेरून त्याच्याकडे तो अचूक पोचवावा लागतो. जात्याची वरची तळी ज्या खिळ्याभोवती फिरते, तो खिळा पीठ दळून झाल्यावर कोणास आठवत नाही. तसेच या खेळाडूंचे असते.

फोर्तुनातो फ्रँको हे असेच एक खेळाडू होते. ते मूळचे गोव्यातील बारदेश तालुक्याच्या कोलवाळ गावचे. त्या काळी गोव्यावर पोर्तुगिजांची सत्ता होती आणि पोटापाण्यासाठी तेथील पुष्कळ कुटुंबे मुंबईस येत. फ्रँको यांचा खेळ मुंबईच्या मैदानांवरच बहरला. टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळताना त्यांनी नाव मिळविले. १९६० साली रोम येथील ऑलिंपिकसाठी भारतीय संघात त्यांची निवड झाली. परंतु प्रत्यक्ष सामन्यात उतरण्याची संधी तेथे त्यांना एकदाही मिळाली नाही.

ती संधी दोन वर्षांनी आली. १९६२ साली जाकार्ता येथे आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. भारतीय संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. ते मूळचे शिक्षक. चार खेळाडू बचावास, चार आघाडीस आणि मध्ये अवघे दोन, अशी रचना त्यांनी भारतीय संघात रुजविली होती. या रचनेत मधल्या दोघांवर केवढा भार पडत असेल, याची कल्पना करा! फ्रँको आणि प्रशांत सिन्हा यांनी तो भार उचलला.

पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताचा २–० असा पराभव केला. तथापि संघ खचला नाही. थायलंड, जपान व दक्षिण व्हिएतनाम यांना नमवून त्याने अंतिम फेरी गाठली. समोर पुन्हा दक्षिण कोरियाच उभा होता. यजमान इंडोनेशियाने इस्रायल व तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला होता. त्यावर एका भारतीय क्रीडाधिकाऱ्याने टीका केल्यामुळे तेथील लोक भारतावर रुष्ट झाले होते. ४ सप्टेंबर रोजी प्रेक्षकांनी तुडुंब भरलेले ते क्रीडांगण भारतीयांविरुद्ध गर्जत होते. अशा गदारोळात प्रदीपकुमार बॅनर्जी व जर्नेलसिंग यांनी एकेक गोल केला आणि भारताने २–१ असा विजय मिळवून सुवर्णपदक पटकावले. गोवा स्वतंत्र होऊन तेव्हा एक वर्षही झाले नव्हते.

त्या दिवशीच्या गोल करणाऱ्यांच्या यादीत फ्रँको यांचे नाव नाही. परंतु त्या सुवर्णपदकात त्यांच्या पायांचे श्रम आहेतच. पुढे १९६३-६४ च्या हंगामात महाराष्ट्राने संतोष करंडक जिंकला, त्या संघातही ते होते. १० मे २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मुलांनो, घरात, शाळेत, गावातही अशी एक मधली फळी असते. तिचा जयजयकार होत नाही. पण ती ढळली, तर पुढच्यांस चेंडू मिळत नाही आणि मागच्यांस विसावा मिळत नाही. उद्या मैदानावर मधली जागा तुमच्या वाट्यास आली, तर हिरमुसू नका. त्याच जागेवर उभे राहून एका खेळाडूने देशास सुवर्णपदक मिळवून देण्यास हातभार लावला होता, याचे स्मरण ठेवा.