हवामान व अतिनील किरणांची माहिती महाजालावरून मिळविताना : आकड्यांआधी शीर्षटीप

प्रस्तावना

हवामानाचे आकडे मिळविणे ही एके काळी महाविद्यालयीन शिक्षकाच्या दृष्टीने मोठी खटपटीची बाब होती. आज संगणक आणि महाजालाची जोडणी असलेल्या कोणत्याही महाविद्यालयात गेल्या कित्येक वर्षांचे दैनंदिन तापमान, पाऊस, आर्द्रता आणि सूर्यप्रकाश यांचे आकडे काही मिनिटांत विनामूल्य उतरवून घेता येतात. सूर्याच्या अतिनील किरणांची माहितीही अशाच प्रकारे उपलब्ध आहे. भूगोल, भौतिकशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि पर्यावरण अभ्यास या विषयांच्या प्रकल्पांसाठी ही मोठीच सोय होय.

मात्र आकडे सहज मिळू लागले म्हणून ते सहज समजतात असे नाही. उतरवून घेतलेल्या फाईलच्या आरंभी काही ओळींचा मजकूर असतो. आकडे कोठले, कोणत्या साधनाने घेतलेले, कोणत्या एककात, कोणत्या वेळेनुसार आणि नोंद नसेल तेथे कोणती खूण केली आहे, हे त्यात सांगितलेले असते. या मजकुराला येथे ‘शीर्षटीप’ म्हटले आहे. बहुतेक विद्यार्थी ती पुसून टाकतात आणि आलेख काढण्यास बसतात. प्रकल्पातील पुष्कळ चुकांचे मूळ तेथेच असते. प्रस्तुत लेखात अशा माहितीची प्रमुख स्थाने, ती उतरवून घेण्याची रीत आणि शीर्षटीप न वाचल्याने होणाऱ्या चुका यांचा विचार केला आहे.

अतिनील किरणे आणि त्यांचे मापन

अतिनील किरणांचे तरंगलांबीनुसार तीन गट करतात. ३१५ ते ४०० नॅनोमीटर हा ‘अ’ गट, २८० ते ३१५ हा ‘ब’ गट आणि १०० ते २८० हा ‘क’ गट. ‘क’ गटातील किरणे वातावरणात पूर्णपणे शोषली जातात. ‘ब’ गटातील बहुतांश किरणे ओझोन अडवितो, तर ‘अ’ गटातील किरणे मोठ्या प्रमाणात जमिनीपर्यंत पोहोचतात. त्वचा भाजणे, डोळ्यांचे विकार आणि पिकांवरील परिणाम या दृष्टीने ‘ब’ गट विशेष महत्त्वाचा आहे.

सर्वसामान्यांना समजावे म्हणून या किरणांची तीव्रता ‘अतिनील निर्देशांक’ या एकाच आकड्यात सांगतात. त्वचेवर अधिक परिणाम करणाऱ्या तरंगलांबींना अधिक भार देऊन, दर चौरस मीटरला किती वॅट ऊर्जा पडते ते काढायचे आणि त्या संख्येला ४० ने गुणायचे, अशी त्याची व्याख्या आहे. भारित तीव्रता ०.२५ वॅट असेल तर निर्देशांक १० येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली अन्य आंतरराष्ट्रीय संस्थांसह प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेनुसार २ पर्यंतचा निर्देशांक कमी, ३ ते ५ मध्यम, ६ व ७ जास्त, ८ ते १० अति जास्त आणि ११ व त्यापुढील तीव्रतम मानला जातो.

प्रत्यक्ष मोजलेले आणि गणिताने काढलेले आकडे

महाजालावर मिळणारी माहिती ढोबळमानाने दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात जमिनीवर बसविलेल्या यंत्राने प्रत्यक्ष मोजलेले आकडे येतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९९२ साली कोलोरॅडो राज्य विद्यापीठामार्फत सुरू केलेला अतिनील-ब मापन कार्यक्रम हे याचे उत्तम उदाहरण आहे. पिके, वने आणि पशुधन यांवरील परिणाम अभ्यासण्यासाठी मापनकेंद्रांचे जाळे उभारण्यात आले. त्यातील एका यंत्रावर फिरती पट्टी असे. ती ठरावीक अंतराने सूर्य झाकीत असल्यामुळे थेट येणारी आणि आकाशात विखुरलेली किरणे वेगवेगळी मोजता येत. ३०० ते ३६८ नॅनोमीटरच्या दरम्यान सात तरंगलांबींवर मापन होई आणि तीन-तीन मिनिटांच्या सरासरी नोंदी ठेवल्या जात. केंद्र, कालावधी आणि मापनाचा प्रकार निवडून या नोंदी महाजालावरून घेण्याची सोय या कार्यक्रमाने अभ्यासकांना करून दिली.

जगभरच्या केंद्रांवरील ओझोन आणि अतिनील किरणांच्या नोंदी एकत्र ठेवणारे केंद्र कॅनडातील टोरांटो येथे आहे. जागतिक हवामान संघटनेसाठी चालविल्या जाणाऱ्या या केंद्राची सुरुवात १९६० साली ओझोनच्या नोंदींपासून झाली. १९९२ पासून त्यात अतिनील किरणांची भर पडली. पुण्याच्या केंद्रावरील ओझोनच्या नोंदीही तेथे सापडतात. या संग्रहातील प्रत्येक फाईल विषय, केंद्र, यंत्र, स्थान आणि वेळ अशा लहान लहान विभागांनी सुरू होते. शीर्षटीप कशी असावी याचा तो नमुनाच होय.

दुसऱ्या प्रकारात उपग्रहांची निरीक्षणे आणि वातावरणाचे गणित यांच्या साहाय्याने काढलेले आकडे येतात. पृथ्वीवरील कोणत्याही ठिकाणचे आकडे मिळणे हा त्यांचा मोठा गुण. परंतु ते एका बिंदूचे नसून एका चौकटीचे असतात, ही त्यांची मर्यादा लक्षात ठेवावी लागते.

माहिती उतरवून घेण्याची रीत

नवशिक्या विद्यार्थ्यांना अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेची ‘पॉवर’ ही सेवा सर्वांत सोयीची पडते. नाव नोंदविण्याची अट नाही, शुल्क नाही. प्रथम नकाशावर ठिकाण निवडावे किंवा अक्षांश-रेखांश लिहावेत. बेळगावसाठी १५.८५ उत्तर आणि ७४.५० पूर्व हे आकडे चालतील. नंतर माहिती ताशी, दैनिक की मासिक हवी ते ठरवावे, आरंभाची आणि अखेरची तारीख द्यावी आणि घटक निवडावेत. कमाल व किमान तापमान, पाऊस, सापेक्ष आर्द्रता, अतिनील-अ, अतिनील-ब आणि अतिनील निर्देशांक हे घटक यादीत आढळतात. शेवटी फाईलचा प्रकार निवडावा. ‘सीएसव्ही’ प्रकारची फाईल एक्सेलसारख्या कोणत्याही तक्त्याच्या प्रणालीत उघडते.

भारतापुरते काम असेल तर भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पुणे कार्यालयाने उपलब्ध करून दिलेला माहितीसाठा अधिक उपयोगी आहे. देशाचे चौकटींत विभाजन करून त्यात दैनंदिन पाऊस १९०१ पासून आणि दैनंदिन कमाल-किमान तापमान १९५१ पासून दिलेले आहे. पावसाच्या चौकटीची बाजू पाव अंशाची, म्हणजे साधारण २७ किलोमीटरची आहे, तर तापमानाच्या चौकटीची एक अंशाची आहे. वर्षागणिक एक फाईल मिळते. मात्र ती साध्या तक्त्याच्या रूपात नसल्याने उघडण्यासाठी वेगळी प्रणाली लागते. तेव्हा संगणकशास्त्राच्या शिक्षकांचे साहाय्य घेणे इष्ट ठरेल.

निरभ्र आकाशाचा निर्देशांक मिळविण्यासाठी नेदरलँड्सच्या राष्ट्रीय हवामान संस्थेच्या ‘टेमिस’ या सेवेचा उपयोग होतो.

शीर्षटीप न वाचल्याने होणाऱ्या चुका

पहिली चूक रिकाम्या नोंदीची. नोंद उपलब्ध नसेल तेथे संगणकासाठी एखादा ठरावीक आकडा भरलेला असतो. ‘पॉवर’च्या फाईलमध्ये तो उणे ९९९ असतो. तीस दिवसांपैकी दोन दिवस असे असतील आणि उरलेल्या अठ्ठावीस दिवसांचे तापमान ३० अंश असेल, तर सरासरी उणे ३८.६ अंश येईल. ही चूक कोणाच्याही नजरेत भरते. परंतु हवामान विभागाच्या तापमानाच्या फाईलमध्ये हाच संकेत ९९.९ असा आहे. तीसपैकी एकच दिवस तसा असेल आणि उरलेले एकोणतीस दिवस ३० अंशांचे असतील, तर सरासरी ३२.३ अंश येते. हा आकडा कोणालाही खटकणार नाही. उलट ‘तापमानात २.३ अंशांची वाढ’ असा निष्कर्ष प्रकल्पात मोठ्या अक्षरांत लिहिला जाईल. ढळढळीत चुकीपेक्षा पटण्याजोगी चूक अधिक घातक असते ती यामुळे.

दुसरी चूक वेळेची. पुष्कळ ठिकाणी वेळ ग्रिनिचच्या मध्यान्हाला धरून दिलेली असते, तर भारतीय प्रमाणवेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. फाईलमधील बारा वाजता भारतात सायंकाळचे साडेपाच झालेले असतात. बेळगावला सूर्य सरासरीने भारतीय वेळेनुसार साडेबाराच्या सुमारास माथ्यावर येतो, म्हणजे ग्रिनिचच्या वेळेनुसार सातच्या सुमारास. हे ध्यानात न घेता ‘दुपारी बाराचा’ निर्देशांक शोधणाऱ्याला भर मे महिन्यात तो नगण्य दिसेल आणि उन्हापासून धोका नाही असा उलटा निष्कर्ष निघेल.

तिसरी चूक सरासरीची. आरोग्य संघटनेच्या श्रेणी दिवसातील कमाल निर्देशांकासाठी आहेत. चोवीस तासांच्या सरासरीत रात्रीचे शून्यही मिसळलेले असते. असा सरासरी आकडा घेऊन तो श्रेणीच्या तक्त्याशी ताडला, तर तीव्रतम दिवसही मध्यम किंवा कमी वाटेल. हातातील आकडा कमाल आहे की सरासरी, याचा खुलासा शीर्षटीपेत किंवा घटकाच्या व्याख्येत पाहावा.

चौथी चूक आकाशाच्या स्थितीची. गोवा आणि बेळगाव परिसरात सूर्य मे महिन्याच्या आरंभी आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, असा वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. त्यामुळे निरभ्र आकाशाचा निर्देशांक जुलैतही चढाच राहतो. प्रत्यक्षात जुलैत या भागावर पावसाळी ढगांचे दाट आच्छादन असते आणि जमिनीवर पोहोचणारी किरणे बरीच घटतात. ‘निरभ्र आकाश’ आणि ‘प्रत्यक्ष आकाश’ हे दोन वेगळे स्तंभ आहेत. एकाच्या जागी दुसरा घेतल्यास कोकणातील पावसाळा कागदावर उन्हाळा होतो.

पाचवी चूक चौकटीची. ‘पॉवर’मधील हवामानघटकांची चौकट सुमारे अर्ध्या अंशाची, तर सूर्यप्रकाशाच्या घटकांची एका अंशाची असते. एक अंश म्हणजे सुमारे ११० किलोमीटर. घाटमाथ्यावरील आंबोलीला वर्षाकाठी सुमारे सात हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तेथून सत्तर किलोमीटरांच्या आत असलेल्या बेळगावला त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. अशा प्रदेशात चौकटीची सरासरी कोणत्याच गावाची खरी गोष्ट सांगत नाही. म्हणून घाटाच्या परिसरातील पावसाचा अभ्यास करताना स्थानिक पर्जन्यमापकाच्या नोंदीशी पडताळा घेणे अगत्याचे आहे.

सहावी बाब केंद्राच्या इतिहासाची. हवाई बेटावरील मौना लोआ वेधशाळेतील कार्बन डायऑक्साईडच्या नोंदी १९५८ पासूनच्या आहेत आणि त्या जगभर वर्गात शिकविल्या जातात. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथील ज्वालामुखीचा उद्रेक झाल्याने मापन थांबले. डिसेंबर २०२२ ते जुलै २०२३ च्या आरंभापर्यंतच्या नोंदी जवळच्याच मौना केआ पर्वतावरील आहेत. ही माहिती त्या फाईलच्या शीर्षटीपेत स्पष्ट दिलेली आहे. ती पुसून टाकणाऱ्याला आलेखाची रेषा अखंड एकाच ठिकाणची वाटेल.

ओझोन विवराचा धडा

खुणांकडे पाहण्याची सवय किती मोलाची आहे, हे ओझोन विवराच्या शोधावरून कळते. मे १९८५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांचा लेख प्रसिद्ध झाला. अंटार्क्टिकावरील हॅली केंद्रावर १९५७ पासून घेतलेल्या नोंदींवरून वसंत ऋतूतील ओझोन सुमारे ३०० डॉबसन एककांवरून २०० च्या आसपास घसरल्याचे त्यांनी दाखविले.

त्या वेळी ‘निंबस-७’ हा उपग्रहही १९७८ पासून ओझोन मोजीत होता. मात्र १८० एककांखालील आकड्यांवर ‘संशयास्पद’ अशी खूण पडावी, अशी व्यवस्था त्याच्या आज्ञावलीत होती. इतका कमी ओझोन तोवर कोणी पाहिलेला नव्हता. संगणकाने ते आकडे फेकून दिले होते, अशी कथा पुढे रूढ झाली. ती खरी नाही. आकडे जतन केलेले होते, केवळ खूण लावून बाजूला ठेवलेले होते. ते पुन्हा तपासल्यावर विवराचा विस्तार नकाशावर उमटला आणि उपग्रहाच्या नोंदींचा लेख १९८६ साली प्रसिद्ध झाला. खूण असलेला आकडा आंधळेपणाने घेऊ नये, तसाच तो आंधळेपणाने टाकूही नये.

शिक्षकांनी घ्यावयाची दक्षता

प्रकल्प देताना शिक्षकांनी काही साध्या अटी घालाव्यात. मूळ फाईल आहे तशी जपून ठेवावी आणि काम तिच्या प्रतीवर करावे. फाईलच्या नावात ठिकाण, कालावधी आणि उतरवून घेतल्याची तारीख असावी, कारण अशा माहितीसाठ्यांच्या सुधारित आवृत्त्या निघत असतात आणि जुने आकडे बदलू शकतात. सरासरी काढण्यापूर्वी प्रत्येक स्तंभातील सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा पाहावा. उणे ९९९ किंवा ९९.९ तेथे लगेच उघडे पडतात. किती दिवसांच्या नोंदी नव्हत्या, हे अहवालात लिहावे. स्थान, साधन, एकक, वेळ, आकाशाची स्थिती आणि रिकाम्या नोंदीची खूण या सहा गोष्टी विद्यार्थ्याने शीर्षटीप वाचून स्वतःच्या शब्दांत मराठीत लिहून दिल्याखेरीज आलेख स्वीकारू नये.

निष्कर्ष

हवामानबदल हा आज वृत्तपत्रांपासून परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेपर्यंत सर्वत्र चर्चेचा विषय आहे. आपल्या गावाचे तापमान खरोखर वाढले का, या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची साधने लहान गावातील महाविद्यालयालाही आता उपलब्ध आहेत. त्यांचा उपयोग काळजीपूर्वक झाला नाही तर चुकीचा आकडा विद्यार्थ्याच्या अहवालातून स्थानिक वृत्तपत्रात आणि तेथून लोकांच्या बोलण्यात जातो. पुढे तो खोटा ठरला की खऱ्या आकड्यांवरचाही लोकांचा विश्वास उडतो. आरंभीच्या त्या दहा-पंधरा ओळी वाचण्यास पाच मिनिटे पुरतात. विद्यार्थ्यांना ती सवय लावणे हे आकडे उतरवून घेण्यास शिकविण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्वाचे आहे.