कमरेवरची चौकी

नरकचतुर्दशीच्या पहाटे, भिलाईच्या टाउनशिपमधील एका क्वार्टरच्या मागल्या ओट्यावर पाट मांडून, पणतीच्या उजेडात ताई आपल्या मुलाच्या अंगाला तेल लावीत होती, आणि वीस वर्षांचा तो माझा भाचा लहान मुलासारखा डोळे मिटून बसला होता. परंतु आम्हा भावंडांना न्हाऊ घालताना आमच्या आईला जी दक्षता कधी घ्यावी लागली नव्हती ती ताई घेत होती, म्हणजे पोटाच्या डाव्या बाजूची तळहाताएवढी जागा, तेलाचा थेंबही लागू न देता, कोरडी राखीत होती. तेलकट त्वचेवर इन्सुलिन पंपाच्या सेटची चिकटपट्टी धरत नाही, आणि स्नान उरकताच नवा सेट तेथे बसवावयाचा होता. पंप तेवढ्यापुरता काढून घरात फडताळावर ठेवला होता. “मामा, किती मिनिटं झाली?” असे त्याने मला दोनदा विचारले.

मिनिटे मोजण्याचे कारण या रोगाच्या स्वरूपातच आहे. मधुमेह हा शब्द आपल्याकडे इतका सैल वापरला जातो की उतारवयाकडे झुकताना जडणारा, पथ्याने आणि गोळ्यांनी बराच काळ आवरता येणारा विकार निराळा आणि बालपणीच गाठणारा हा विकार निराळा, हा भेद सुशिक्षित घरांतही कोणी करीत नाही. वास्तविक सुश्रुताने प्रमेहाचे ‘सहज’ आणि ‘अपथ्यनिमित्तज’ असे दोन प्रकार मानून, पहिल्याचा रोगी कृश आणि दुसऱ्याचा स्थूल असतो, हे निरीक्षण केव्हाच नोंदवून ठेवले आहे. भाच्याचा मधुमेह टाइप-१ चा, म्हणजे शरीराच्या रक्षक यंत्रणेनेच स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींना शत्रू समजून नष्ट केल्याने उद्भवलेला. त्यात ना त्याच्या खाण्याचा दोष, ना ताईच्या लाडांचा. तरी ‘लहानपणी गोड फार दिलं असेल’ हे वाक्य नातलगांनी इतक्या वेळा ऐकवले की ताई कित्येक महिने स्वतःला अपराधी मानीत होती, आणि त्या ऐकवण्याचा मला आजही संताप येतो.

तो नऊ वर्षांचा होता. मे महिना होता, आणि पारा ४४ अंशांवर चढलेल्या त्या दिवसांत पोर सारखे पाणी पिते याचे कोणाला नवल वाटावे? अंथरूण ओले होऊ लागले, कपडे अंगावर लोंबू लागले. एका दवाखान्यात पोटाच्या विकाराची औषधे मिळाली. आणि तिसऱ्या दिवशी श्वास भात्यासारखा चालू लागून तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येऊ लागला, तेव्हा मोठ्या इस्पितळात रक्तातील साखर तपासली गेली. इन्सुलिनअभावी शरीर चरबी जाळू लागते आणि रक्त आम्लयुक्त होत जाते, त्या कीटोअॅसिडोसिसच्या उंबरठ्यावरून तो परतला. बोटाला सुई टोचून घेतलेला रक्ताचा एक थेंब पहिल्याच दिवशी तपासला असता तर पुढचे सारे टळते. मूल फार पाणी पिऊ लागले, वारंवार लघवीला जाऊ लागले आणि रोडावले, तर तो थेंब त्याच दिवशी तपासून घ्या, एवढे मी प्रत्येक आईबापाला हात जोडून सांगतो.

१९२२ पूर्वी अशा मुलांना उपासमारीच्या आहारावर थोडा काळ जगवून ठेवण्यापलीकडे वैद्यकाकडे उपाय नव्हता. त्या वर्षीच्या ११ जानेवारीस टोरांटो येथे लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला बँटिंग आणि बेस्ट या संशोधकांनी तयार केलेला स्वादुपिंडाचा अर्क टोचण्यात आला; तो पुरेसा शुद्ध नव्हता, म्हणून कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने तो शुद्ध केला, आणि २३ तारखेला पुन्हा टोचल्यावर मुलाची साखर उतरली. पेटंटाचा हक्क संशोधकांनी टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकला, हे आजच्या औषधबाजारात वावरताना विसरू नये असे आहे. बँटिंगचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर, म्हणून तोच जागतिक मधुमेह दिन. आणि तोच पंडित नेहरूंचाही, ज्यांचे नाव भिलाईच्या सेक्टर ९ मधील पोलाद कारखान्याच्या इस्पितळाला आहे.

स्वादुपिंडाची चाकरी यंत्राकडे सोपविण्याची कल्पना त्यानंतर चाळीस वर्षांनी आकारास आली. १९६३ च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या आर्नल्ड कॅडिश यांनी जे यंत्र सिद्ध केले ते सैनिकाच्या पडशीप्रमाणे पाठीवर वागवावे लागे. पुढे सत्तरच्या दशकात डीन केमन यांनी अंगावर बाळगता येण्याजोगा पंप घडविला, आणि १९७८ साली लंडनच्या पिकप, कीन प्रभृती डॉक्टरांनी त्वचेखाली अखंड इन्सुलिन सोडण्याच्या पद्धतीचे फलित प्रसिद्ध केले. आज ते यंत्र जुन्या पेजरएवढे होऊन भाच्याच्या पट्ट्याला लटकते, आणि त्यातून निघालेली बारीक नळी त्वचेखाली रुतलेल्या इवल्याशा कॅन्युलात संपते; नळी आणि कॅन्युला मिळून तो सेट.

या पंपाचे मर्म भाऊजींना जितक्या लवकर उमगले तितके मला उमगले नाही, कारण त्यांची नोकरी ब्लास्ट फर्नेसची, म्हणजे झोतभट्टीची. १९५५ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून उभ्या राहिलेल्या भिलाईच्या या पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी केले, तेव्हापासून येथील कुटुंबे तीन पाळ्यांच्या भोंग्यावर जगत आली आहेत. कारण एकदा पेटवलेली झोतभट्टी वर्षानुवर्षे अखंड धगधगत ठेवावी लागते, तिला सणवार नाही, आणि ती अवेळी थंडावली तर आतला रस गोठून अनर्थ होतो. शरीराचीही गत तीच. मनुष्य काही न खाता झोपला असतानाही त्याला इन्सुलिनचा बारीक ओघ हवाच असतो; त्या ओघाला ‘बेसल’ म्हणतात, आणि जेवणाच्या वेळी एकदम सोडावयाच्या मात्रेला ‘बोलस’. पूर्वी संथ उतरणाऱ्या इन्सुलिनची सुई एकदा टोचली म्हणजे दिवसाची बेगमी होई. पंपात मात्र केवळ शीघ्र इन्सुलिन भरलेले असते, दर थोड्या मिनिटांनी ते तिळातिळाने सुटते, आणि म्हणूनच नळी दुमडली वा सेट निसटला तर अंगात शिल्लक अशी काही राहात नाही. काही तासांत तो जुना फळासारखा वास परतू शकतो. त्याने मिनिटे विचारली ती याकरिता.

उलट या बारकाव्यातच पंपाचे सामर्थ्य आहे. पहाटे चारनंतर शरीरातील काही अंतःस्राव साखर चढवू लागतात, म्हणून भाच्याच्या पंपात मध्यरात्री ताशी ०.६ युनिट आणि पहाटे ताशी ०.९ अशी तजवीज आहे. मिलिलिटरच्या दोनहजाराव्या भागाइतका, म्हणजे ०.०५ युनिटाचा, फेरफार यंत्र करू शकते, जो सिरिंज धरलेल्या कोणत्याही हाताला अशक्य आहे. दंडावरचा सेन्सर दर पाच मिनिटांनी साखरेचा अंदाज पाठवतो. मात्र तो त्वचेखालच्या द्रवातील साखर मोजतो, रक्तातील नव्हे, त्यामुळे थोडा मागे रेंगाळतो.

एवढे असूनही, पंप लागला म्हणजे माणूस मोकळा झाला, ही समजूत मला या घरात राहून टाकून द्यावी लागली. ज्या चाकरीची दिवसातून चार वेळा सुई टोचून वासलात लागे, ती आता चोवीस तासांत वाटली गेली आहे, आणि चौकीदार नेमला तरी चौकीदारावर देखरेख घरच्यांनाच करावी लागते. ताटात पडणाऱ्या प्रत्येक जिनसेची रोजकीर्द ठेवावी लागते : भाताची वाटी किती ग्रॅम कार्बची, चिला किती, तीजेला शेजारच्या छत्तीसगढी काकूंकडून आलेली ठेठरी आणि खुरमी किती. ताईच्या स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्याशेजारी छोटा वजनकाटा आहे, आणि करंजी सारण भरण्यापूर्वी आणि नंतर तोलणारी दुसरी सुगरण मी पाहिलेली नाही. तळलेल्या पदार्थांतील स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते, म्हणून फराळाचा बोलस सारा एकदम न देता काही भाग पुढच्या दोन-तीन तासांवर लांबविण्याची सोय पंपात आहे. ती केव्हा वापरावी हे मात्र तो अनुभवानेच शिकला.

हा खटाटोप व्यर्थ नाही याची ग्वाही १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी-कॅनेडियन चाचणीने दिली. १,४४१ रुग्णांवरील त्या अभ्यासात, पंपाने अथवा दिवसातून अनेक सुयांनी साखर काटेकोर राखणाऱ्यांत डोळ्यांच्या पडद्याचा विकार उद्भवण्याचे प्रमाण ७६ टक्क्यांनी घटले; पण साखर धोकादायक रीतीने उतरण्याचे प्रसंग तिपटीच्या आसपास वाढले. या दुसऱ्या निष्कर्षाचा अर्थ मला एका रात्री कळला. अडीचच्या सुमारास पंप गुरगुरला, भाऊजी रात्रपाळीवर, ताई दिवा न लावता उठली, घामाने भिजलेल्या पोराला बसते केले, ग्लुकोजचे पाणी घोट घोट पाजले आणि पंधरा मिनिटे त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. दोघेही एक अक्षर बोलले नाहीत. मग सेन्सरवरचा बाण सरळ झाला आणि ती परत येऊन आडवी झाली, पण झोपली नाही.

भिलाईचे हवामान या यंत्राला अनुकूल नाही. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते आणि कडक उन्हात ते निष्प्रभ होते. म्हणून उन्हाळ्यात भाचा पंप शर्टाच्या आत बाळगतो आणि बाहेर निघताना ओल्या फडक्यात गुंडाळलेली पिशवी जवळ ठेवतो. दुसरी अडचण पोलादनगरीचीच : प्रबळ चुंबकीय क्षेत्रापासून पंप दूर ठेवावा लागतो, त्यामुळे भंगार उचलणारे विद्युत्चुंबकी क्रेन जेथे फिरतात, त्या शॉपमध्ये प्रशिक्षणार्थी म्हणून वडिलांच्या मागे जाण्याचा त्याचा मनसुबा त्याला सोडावा लागला. हे दुःख त्याने कोणाला सांगितले नाही; भाऊजींनी मला सांगितले.

आणि हे सारे ज्या घरात पगाराची शाश्वती आहे, त्या घरातले. यंत्राची किंमत लाखांत आणि सेट, सेन्सर यांचा मासिक खर्च हजारांत असता, जवळच्या धमधा किंवा पाटणच्या शेतमजुराच्या मुलीने काय करावे? रेल्वेने चार-पाच तासांवरच्या नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ साली ड्रीम ट्रस्ट स्थापून गरीब घरांतील टाइप-१ च्या मुलांना इन्सुलिन, सिरिंज, साखर तपासण्याचे साहित्य आणि शिक्षण विनामूल्य देण्यास आरंभ केला, आणि ते काम पाहता मला निश्चित वाटते की पंपाची चर्चा करण्याआधी प्रत्येक जिल्हा इस्पितळात इन्सुलिनची कुपी आणि तपासणीच्या पट्ट्या बिनदिक्कत मिळाल्या पाहिजेत. मुलींच्या बाबतीत तर लग्न अडेल या भीतीने रोगच दडवला जातो; लपवलेल्या सुईचा डोस चुकतो, आणि त्याची किंमत तीच मुलगी मोजते.

स्नान उरकले. भाच्याने कोरड्या जागेवर स्पिरिटचा बोळा फिरवला, सेटचे यंत्र टेकवून दाबले, टक् असा आवाज झाला. नळीतील हवेचा बुडबुडा निघून जाईतो, ती जोडण्याआधी, उजेडाकडे धरून तो पाहात राहिला. ताईने ताटलीत दोन करंज्या ठेवल्या. “बत्तीस,” ती म्हणाली. त्याने आठाला एक या हिशेबाने चार युनिट दाबले, पंपाचा बारीक आवाज झाला, आणि बाहेर कोणीतरी पहिला फटाका उडवला.