एका सेकंदाचे ४४,१०० आकडे

एक टाळी वाजवा बरं! वाजवलीत? आता ही टाळी सीडीवर साठवायची, तर यंत्र तिचा आवाज दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतं आणि दर वेळी एक आकडा लिहून ठेवतं. आवाजाची झाली आकड्यांची लांबलचक रांग! ती कुठेही कापा, उलटी लावा, नाहीतर एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवा.

मेक्सिकोचे एक संगीतकार हा खेळ जीव ओतून खेळतात. नाव फर्नांडो कोरोना, पण रसिक त्यांना ‘मुरकॉफ’ म्हणतात. १९७० साली अमेरिकेच्या सीमेलगतच्या तिहुआना शहरात त्यांचा जन्म झाला. तिथल्या तरुणांनी अकॉर्डियनवर वाजणाऱ्या गावाकडच्या ‘नोर्तेन्यो’ संगीताला यंत्रांच्या ठेक्यावरच्या ‘टेक्नो’ची जोड दिली आणि दोन्ही नावं मिळून झालं ‘नॉर्टेक’. मुरकॉफही त्या मंडळींत होते.

पण त्यांचा कान ओढ घेत होता व्हायोलिन, चेलो, पियानोकडे. २००२च्या ‘मार्तेस’ (म्हणजे मंगळवार!) या अल्बममध्ये त्यांनी या वाद्यांच्या चिमुकल्या तुकड्यांना संगणकाच्या टिकटिक ठेक्यावर बसवलं. मधे मधे शांतता. ती शांतता मला फार आवडते.

पुढे फ्रान्समधल्या व्हर्साय राजवाड्याच्या बागेतल्या रात्रीच्या कारंज्यांसाठी त्यांना संगीत करायचं होतं. त्यांनी काय निवडलं? राजेरजवाड्यांच्या काळातली वाद्यं! त्यातलं हार्पसिकॉर्ड दिसतं पियानोसारखं, पण पियानोत छोटी हातोडी तारेवर आपटते, तर हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जाते, सतारीसारखी. टिण् वाजतं आणि लगेच विरतं. मुरकॉफनी असे आवाज संगणकात ताणले, एकावर एक रचले. २००८ साली त्यांचा अल्बम निघाला. ऐकताना वाटतं, अख्खा राजवाडाच श्वास घेतोय!

२०१६च्या ‘स्टाटेआ’ या अल्बममध्ये त्यांच्यासोबत पियानोवर आहेत फ्रान्सच्या व्हनेसा वॅग्नर. त्या जुन्या-नव्या रचना वाजवतात आणि मुरकॉफ त्यांच्याभोवती विजेचे सूर विणतात.

आता तुमची पाळी. चमच्याने ताटावर हलकेच टण् करा आणि तो आवाज फोनवर टिपा. घरी संगणक असेल, तर मोठ्यांच्या मदतीने ‘ऑडॅसिटी’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्याचा वेग निम्मा करा. आवाज दुप्पट वेळ चालेल आणि बरोबर एक सप्तक खाली उतरेल. तुमच्या स्वयंपाकघरातलं ताट देवळातल्या घंटेसारखं घुमायला लागेल. करून बघाच!