मेणाला सोसणारा रंग

उज्जैनचं काळभैरवाचं देऊळ ज्या वस्तीत आहे ती भेरूगड. दर्शन आटोपून परतणारी बरीच मंडळी इथल्या बाटिकची एखादी चादर किंवा ओढणी विकत घेतात, आणि ही फार जुनी कला आहे हे ऐकतात. छिपा घराण्यांचा छपाईचा धंदा इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय हे खरंच, आणि २०२३ साली उज्जैनच्या बाटिकला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण त्या चादरीवरचा लाल आणि किरमिजी रंग बहुतेक वेळा गेल्या शतकातल्या जर्मन रसायनशास्त्राचा आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. उलट आजचं भेरूगडचं बाटिक या कृत्रिम रंगांवरच उभं आहे, आणि म्हणून त्याची काळजी वाहायची तर आधी ते रसायन समजून घ्यायला हवं.

सगळी अडचण मेणाची आहे. वाळूचा थर दिलेल्या पाटावर सुती कापड पसरतात. पॅराफिन, मधमाश्यांचं मेण आणि राळ यांचं गरम मिश्रण कलमाने किंवा ठशाने त्यावर उतरवतात. खालच्या गार वाळूमुळे ते लगेच थिजतं. जिथे मेण, तिथे रंग चढत नाही. आधी पिवळा, त्यावर मेण, मग लाल, पुन्हा मेण, शेवटी सगळ्यात गडद रंग, असं कापड पुनःपुन्हा बुडवलं जातं. पॅराफिन साधारण साठ अंशांच्या आतबाहेर वितळतं, त्यामुळे रंगाचं पाणी गारच लागतं. आणि शेवटी मेण काढायला तेच कापड उकळत्या पाण्यात घालावं लागतं. म्हणजे रंग असा हवा की थंड पाण्यात चढेल आणि उकळीत सुटणार नाही. एरवी जो रंग थंडीत सहज चढतो तो उकळीत सहज उतरतोही.

हा पेच नॅप्थॉल रंगांनी सोडवला. त्यांची युक्ती अशी की रंग तयार करून कापडाला लावायचाच नाही, तो धाग्याच्या आतच घडवायचा. १८५८ साली पीटर ग्रीस याने डायझो संयुगं शोधली; १९१२ साली ग्रीसहाइम-इलेक्ट्रॉन या जर्मन कंपनीने सुताला धरून राहणारं नॅप्थॉल एएस बाजारात आणलं. कॉस्टिक सोड्यात विरघळवलेल्या नॅप्थॉलच्या टबातून निघालेलं कापड फिकट, जेमतेम पिवळसर दिसतं. ते दुसऱ्या टबात, डायझो सॉल्टच्या पाण्यात गेलं की पाहता पाहता लालभडक होतं. दोन रेणू नायट्रोजनच्या जोडीने सांधले जातात आणि जो पदार्थ बनतो तो पाण्यात विरघळतच नाही, म्हणून तो उकळीलाही दाद देत नाही. पूर्वी हे सॉल्ट जागेवरच बर्फ घालून बनवावं लागे. पुढे ते टिकाऊ भुकटीच्या रूपात पुडीत मिळू लागलं आणि ही विद्या छोट्या कारखानदाराच्या आवाक्यात आली.

मग सरळ वनस्पतीच्या रंगांकडे वळावं, असं पुष्कळ जण कळकळीने सांगतात. नीळ थंड हौदात चढते, तेव्हा निळ्यापुरतं ते जमेल. पण तुरटी आणि मुळांपासून होणारा आपल्याकडचा लाल सहसा तापवलेल्या भांड्यात उतरतो. मेण तिथे टिकणार नाही. एके काळी माळव्यात अशा लाल मुळांच्या आल या झाडाची लागवड मोठी होती, पण १८६९ नंतर अलिझरीन हा कृत्रिम लाल रंग बाजारात आला आणि तो व्यापार बसला. धार जिल्ह्यातल्या बागची छपाई आज पारंपरिक म्हणून नावाजली जाते, तिथला लालही मुख्यतः त्याच अलिझरीनचा असतो. नैसर्गिक आणि कृत्रिम अशी सीमारेषा आखून फारसं हाती लागत नाही.

खरा प्रश्न कोणती पुडी वापरली जाते हा आहे. नायट्रोजनच्या जोडीने सांधलेल्या अशा रंगांना अझो रंग म्हणतात; त्यांतले काही फुटून कर्करोगकारक अमाइन सुटतात, म्हणून जर्मनीने १९९४ पासून आणि भारताने १९९७ साली अशा रंगांवर बंदी आणली. युरोपच्या यादीतल्या बावीस अमाइनांमध्ये नॅप्थॉलच्या धंद्यातले जुने ओळखीचे बेस, म्हणजे ज्यांपासून डायझो सॉल्ट बनतं ते अमाइन, आहेत: ब्लू बी, गार्नेट जीबीसी, स्कार्लेट जी, रेड टीआर. त्यांना पर्याय आहेत. रेड बी त्या यादीत नाही. पण सुट्या भुकटीवर नुसतं ‘मरून’ किंवा ‘लाल’ लिहिलेलं असेल, तर रंगाऱ्याने ओळखायचं कसं? शिवाय युरोपातल्या बंदीचा रोख मुख्यतः कापड अंगावर घेणाऱ्याकडे आहे. त्याच्या वाट्याला येतो तो धाग्यात अडकलेला, न विरघळणारा रंग. हातमोज्यांशिवाय काम करणाऱ्या रंगाऱ्याचे हात कॉस्टिकमध्ये आणि अजून न जुळलेल्या सॉल्टमध्ये बुडतात, आणि धोका त्याला कितीतरी जास्त आहे.

१९५६ साली आलेले प्रोशन जातीचे रिअॅक्टिव्ह रंग हा दुसरा मार्ग. तेही थंडीत चढतात आणि सुताशी रासायनिक बंध जोडतात. मात्र त्यांचा न चिकटलेला भाग धुण्याच्या पाण्यातून वाहून जातो, आणि गडद छटेला मीठही भरपूर लागतं. कापड जितकं निर्धोक, तितका नाल्यावरचा भार वाढतो. इंदूरहून कान्ह नदीतून क्षिप्रेत येणाऱ्या घाणीपुढे भेरूगडचं रंगीत पाणी किती, असा प्रतिवाद होतो, आणि प्रमाण पाहिलं तर तो रास्त आहे. तरी लहान कारखान्यांना एकत्र शुद्धीकरणाची सोय करून देणं आवाक्यातलं काम आहे; एकेकट्या घराला ते झेपणार नाही. मानांकनाने नाव आणि गाव राखलं जातं, पण पुडीवर बेसचं पूर्ण नाव छापलेलं असावं हे त्यातून साधत नाही. २०२८ च्या सिंहस्थासाठी क्षिप्रेच्या शुद्धीकरणाची आखणी होते आहे, तिच्यात या दोन्ही कामांना जागा मिळायला हवी.