हरपलेली स्मृती परत येते काय?

वृद्ध माणूस घरचीच वाट विसरू लागला, की 'म्हातारचळ' म्हणून आपण मोकळे होतो. वस्तुतः वार्धक्य निराळे आणि अल्झायमरचा रोग निराळा. १९०६ साली जर्मन डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी एका मृत स्त्रीच्या मेंदूत पेशींबाहेर साचलेली पुटे आणि पेशींच्या आत झालेला तंतूंचा गुंता दाखवून दिला. या रोगात मेंदूतील पेशी मरतात आणि मेलेली पेशी पुन्हा जिवंत होत नाही. म्हणून यातून पूर्ण बरे होणे आज तरी शक्य नाही. २०२३ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले लेकॅनेमॅब हे औषधही आरंभीच्या अवस्थेत रोगाची गती काहीशी मंद करते, इतकेच.

मग डॉक्टरकडे जाण्यात अर्थ काय? अर्थ असा की, प्रत्येक विस्मरण म्हणजे अल्झायमर नव्हे. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइड ग्रंथीचे मांद्य, खिन्नता, क्वचित झोपेचे एखादे औषधही स्मृती झाकोळून टाकते. असे कारण वेळीच सापडले, तर ती पुष्कळदा परत येते. तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांना चळ लागला असे म्हणण्यापूर्वी त्यांची तपासणी करून घ्यावी. अल्झायमर निघालाच, तर औषधाइतकीच गरज असते ती ओळखीच्या माणसांची आणि ठरलेल्या दिनक्रमाची.