विद्यापीठ गेटवरचं नाव

दरवर्षी 14 जानेवारीला, सगळीकडे तिळगूळ वाटला जात असतो तेव्हा, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठ गेटवर माणसांची रीघ लागते. मराठवाड्यातून, विदर्भातून, एसटीने, टेम्पोने माणसे येतात. निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल, लेकरांना खांद्यावर घेतलेले बाप. त्यांतल्या कितीतरी जणांनी कॉलेजचा वर्ग आतून पाहिलेला नसतो. तरी ती माणसे त्या गेटपुढे नतमस्तक होतात. पदवीशी ज्यांचा संबंध आला नाही, त्यांना विद्यापीठाचे दार इतके आपले का वाटावे?

उत्तरासाठी 1950 पर्यंत मागे जावे लागते. निजामी राजवटीत मराठवाड्याच्या मुलाला पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठावे लागे. गरिबाच्या, त्यातही अस्पृश्याच्या मुलाला ते स्वप्नातही परवडणारे नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले होते. 1950 मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, दुसरे काढले. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. या महाविद्यालयाला पुढे नाव मिळाले मिलिंद, परिसराला नागसेनवन. मिलिंद म्हणजे राजा मिनँडर, प्रश्न विचारून भल्याभल्यांना निरुत्तर करणारा. नागसेन म्हणजे त्याला उत्तरे देणारा भिक्खू. राजाने पटलेले मान्य केले. शिकणाऱ्याने विचारावे आणि पटले तर कबूल करावे, असा अर्थ त्या नावांतच आहे. नावाला किती मोल असते, हे नागसेनवनातल्या मुलांना कुणी वेगळे शिकवण्याची गरज नव्हती.

या वनातल्या वसतिगृहांत जे घडले त्याची पुरेशी नोंद आपण घेतलेली नाही, असे मला वाटते. घराण्यात पहिल्यांदा अक्षर गिरवणारी मुले इथे एका पंगतीत जेवली, एका खोलीत राहिली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी लिहिलेले ‘युगयात्रा’ नाटक याच मिलिंदमधले. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ नियतकालिकाचे घरही हेच शहर. दलित साहित्याची एक मोठी वाट नागसेनवनातून गेली. शेजारीच 23 ऑगस्ट 1958 रोजी मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. ज्याने या भागात उच्च शिक्षणाचे दार उघडले त्याचे नाव विद्यापीठाला असावे, ही मागणी सत्तरच्या दशकात पुढे आली, तेव्हा ती मांडायला पदवीधर झालेली, दलित पँथरच्या चळवळीत तापलेली एक पिढी तयार होती.

27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव मंजूर केला आणि मराठवाडा पेटला. विरोधात हैदराबाद मुक्तिसंग्रामातले गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव यांच्यासारखी मोठी माणसेही होती. ‘मराठवाडा’ या शब्दाशी त्यांच्या लढ्याची आठवण जोडलेली होती, ती खोटी नव्हती. पण खेड्यांत जे झाले त्याचे समर्थन त्या आठवणीने होत नाही. दलित वस्त्यांतली घरे जाळली गेली, माणसे मारली गेली, बायकांवर अत्याचार झाले. अंगावरच्या कपड्यांनिशी कुटुंबे शहरांकडे पळाली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत 4 ऑगस्टला पोचिराम कांबळे यांना ठार केले गेले. ते मातंग समाजाचे, आणि ‘जय भीम’ सोडायला तयार नसलेले. नागपुरात आंदोलकांवर गोळीबार झाला. इंदोऱ्यातले नामांतर शहीद स्मारक त्याची साक्ष देते.

विद्यापीठाच्या नावावरून वस्ती का जाळावी? जाळणाऱ्यांपैकी कितीजण त्या विद्यापीठात गेले होते? खरा राग नावाचा नव्हताच. गावकीची कामे करायला नकार मिळू लागला होता. मजुरीचा दर विचारला जात होता, गायरानाच्या तुकड्यावर हक्क सांगितला जात होता. कालपर्यंत वेशीबाहेर उभा राहणाऱ्याचा पोरगा शिष्यवृत्तीवर शिकून, इस्त्रीचा सदरा घालून सुट्टीला गावी येत होता आणि कचेरीत नोकरीला लागत होता. या सगळ्याचा सूड घ्यायला नामांतराचे निमित्त मिळाले. म्हणून नामांतराचा लढा एका पाटीपुरता होता असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. ज्यांची घरे जळली त्यांना विद्यापीठ आणि गाव यांतले नाते विद्वानांच्या आधी कळले होते.

ठराव मात्र कागदावर राहिला. 11 नोव्हेंबर 1979 रोजी प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. हजारो माणसे भाकरी बांधून पायी औरंगाबादकडे चालू लागली. बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णेच्या पुलाशी पोलिसांनी त्यांना अडवले. लाठीमार झाला, अटका झाल्या. सत्याग्रह, मोर्चे, तुरुंग यांत वर्षे गेली. एसेम जोशी, बाबा आढाव यांच्यासारखे समाजवादी या लढ्याच्या बाजूने उभे राहिले. 25 नोव्हेंबर 1993 रोजी नांदेडला गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी प्राण दिला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, 14 जानेवारी 1994 रोजी, ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ हे नाव जाहीर झाले. नामांतर नव्हे, नामविस्तार. आणि त्याच वर्षी 17 सप्टेंबरला नांदेडला वेगळे विद्यापीठ झाले. पोचिराम आणि गौतम वाघमारे यांचा जिल्हा ज्या नावासाठी लढला, त्या नावाच्या विद्यापीठातून आठ महिन्यांत बाहेर पडला. साडेपंधरा वर्षे लावून सरकारने जे दिले ते असे दिले, आणि हा उशीर मला अक्षम्य वाटतो.

नाव मिळाले, आतले वागणे बदलले का? 17 जानेवारी 2016 रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्याने आत्महत्या केली. 22 मे 2019 रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी या निवासी डॉक्टरने जीव दिला. त्यांच्या आया, राधिका वेमुला आणि आबेदा तडवी, सर्वोच्च न्यायालयात गेल्या. विद्यापीठांत भेदभावाच्या तक्रारींसाठी समान संधी कक्ष असावा, त्यासाठी अधिकारी नेमावा, असे विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम 2012 सालीच आले होते; त्यांचीच अंमलबजावणी त्या मागत होत्या. 2012 चा नियम 2019 मध्ये आईला कोर्टात मागावा लागतो, यात 1978 चा ठराव आणि 1994 ची घोषणा यांमधले अंतर पुन्हा दिसते.

तेव्हा वाचकांना एक विनंती. तुमचे मूल ज्या कॉलेजात जाते, तिथल्या कार्यालयात एकदा जा आणि विचारा, समान संधी कक्ष कुठे आहे, त्याचा अधिकारी कोण, वसतिगृहातल्या मुलींना त्याचे नाव माहीत आहे का. तुमचे मूल कोणत्याही जातीचे असो, विचारा.