फुलीकडे बघा, बाकी काही करू नका

एमआरआय यंत्रात माणसाला आडवं करतात, कानात बोळे घालतात, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना फोम ठासतात. डोळ्यांवरच्या आरशात एक फुली दिसते. तिच्याकडे बघत राहायचं, झोपायचं नाही, एवढीच सूचना. मग काही मिनिटं खडखडाट करत यंत्र साधारण दर दोन सेकंदांनी अख्खा मेंदू टिपतं. स्किझोफ्रेनियाच्या संशोधकांची या निवांत पडून काढलेल्या स्कॅनवर मोठी भिस्त आहे.

या आजाराची खूण मेंदूत शोधण्याची सुरुवात मेंदूच्या आकारापासून झाली. १९७६ साली लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात ईव्ह जॉनस्टन, टिम क्रो आणि सहकाऱ्यांनी जुनाट स्किझोफ्रेनियाच्या १७ रुग्णांचे सीटी स्कॅन काढले. मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्या निरोगी लोकांपेक्षा मोठ्या निघाल्या. आजाराचं खापर आईच्या वागण्यावर फोडणाऱ्यांना हे चोख उत्तर होतं. पण पोकळी मोठी झाली म्हणून रुग्णाला कानात कुणी बोलल्याचा भास का व्हावा, हे त्यातून उलगडेना.

१९९५ साली कार्ल फ्रिस्टन आणि ख्रिस फ्रिथ यांनी मांडलं, की बिघाड एखाद्या भागात नसून भागाभागांतल्या संपर्कात असावा. मनातलं बोलणं आपलंच आहे, ही वर्दी ऐकण्याच्या भागापर्यंत पोचली नाही, तर तेच बोलणं परक्याचा आवाज वाटू शकतं. त्याच वर्षी अमेरिकेत भरत बिस्वाल यांनी दाखवलं, की हात स्वस्थ असतानाही हालचालीचे डावे-उजवे भाग एका लयीत चढतात-उतरतात. ही लय रक्तातल्या ऑक्सिजनमधून कळते. दोन भागांचे आलेख जुळले, की त्यांच्यात जोडणी धरायची.

इथेच फसगतही होते. डोकं मिलिमीटरपेक्षाही कमी सरकलं, तरी नसलेली जोडणी दिसू लागते. रुग्ण निरोगी माणसापेक्षा अधिक हलतात. वर्षानुवर्षांच्या औषधांचा परिणाम असतो तो वेगळाच. मेंदूच्या आकाराबाबत तरी ठाम उत्तर मिळावं म्हणून संशोधकांनी देशोदेशीची माहिती एकत्र केली. ‘एनिग्मा’ गटाच्या २०१६ च्या अभ्यासात २,०२८ रुग्ण आणि २,५४० निरोगी माणसं होती. रुग्णांमध्ये आठवणींशी निगडित हिप्पोकॅम्पस सरासरीने लहान भरला. मात्र हा फरक सरासरीचा. अनेक रुग्णांची मापं निरोगी माणसांसारखीच असतात.

त्यामुळे स्किझोफ्रेनियाचं निदान आजही रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलूनच होतं. डॉक्टर स्कॅन सांगतात तो गाठ किंवा दुसरा आजार नाही ना, हे बघायला. तो नॉर्मल आला म्हणून गोळ्या बंद करू नयेत.